वरची कोथिंबीर

रंगपंचमीची गेर बघून आलो त्याच संध्याकाळी
न्हाणीघरात साबणाच्या कपचीवर हिचा पाय पडला,
उजवं मनगट मोडलं,
आणि भाजीची पिशवी माझ्याकडे आली.

बत्तीस वर्षं वीज मंडळात
मी लोकांच्या बिलांवर शिक्के मारले.
नंदलालपुऱ्यात असा एकटा, यादी घेऊन,
पहिल्यांदाच उभा राहिलो.

यादी तिने सांगितली, मी लिहिली.
लिंबं चार.
मी म्हटलं, चार काय, डझन आणतो!
ती प्लास्टरकडे बघत हसली फक्त.

दहाला एक लिंबू.
सोन्याचं आहे का, मी विचारलं.
"गर्मी लग गई, बाबूजी," बाई म्हणाली,
तेवढ्यात तिचं सगळं अर्थशास्त्र आलं.
टोमॅटो साठ. तेच, जे संक्रांतीला
गाईंपुढे ओतत होते म्हणे.
तोलून झालं, पैसे दिले,
तरी मी पिशवी उघडी धरून उभाच,
वरची कोथिंबीर पडायची वाट बघत.
दोन मिरच्या, मूठभर कोथिंबीर,
ती तर पडतेच ना, पावतीसारखी?
मागे कुणी तरी खाकरलं.
"धनिया अलग है. दस की गड्डी."
बंद झालेली नोट घेऊन
माझ्या खिडकीशी एक म्हातारा आला होता एकदा.
त्याचा चेहरा आठवला.

सियागंजात पोरवालकडे
तेलाची पिशवी हाताला हलकी लागली.
चष्मा कपाळावर चढवून वाचलं:
लिटर नव्हतंच ते.
पाच रुपयांचा बिस्किटपुडा मात्र पाचालाच,
फक्त आतली बिस्किटं
आमच्या ऑफिसातल्या माणसांसारखी,
गेलेल्यांच्या जागी कुणी नाही.
ही फसवणूक आहे, मी आवाज चढवला.
पोरवाल हिशेबातून मान वर न काढता म्हणाला,
"साब, भाभीजी तो दो साल से यही ले जा रही हैं."

दोन साल.

घरी आलो तेव्हा ती झोपली होती.
फ्रिजवरची वही काढली. न विचारता.
तूर एक किलो.
मग तूर पाऊण, मसूर पाव.
मग दोन्ही अर्धा अर्धा.
मला आठवलं, त्याच सुमारास मी म्हणालो होतो,
हल्ली वरण छान करतेस, पचायला हलकं.
नारळ अर्धा, ढवळीकरीणबाईंशी भागीत.
एका पानावर कांदा वीस, चार पानांपुढे सत्तर,
त्याच्याही पुढे आठ, आणि समासात बारीक अक्षरात:
आता भरून ठेवायला हवा होता.
दिवाळीच्या पानावर काजू,
आणि रकमेच्या जागी लिहिलेलं: बघितले.
एकच ओळ प्रत्येक महिन्यात जशीच्या तशी,
भाव चढो की उतरो,
यांची लवंगशेव, पाव किलो.

रोज सकाळी पोह्यांवर ती शेव पसरताना
मी पेपरातली महागाई मोठ्याने वाचून दाखवायचो तिला.
ती म्हणायची, हो का.

"मिळालं सगळं?" आतून आवाज आला.
वही जागेवर ठेवली, पण उलटी.
मिळालं.
"लिंबं कितीला?"
पाचला दोन, मी म्हटलं.
"अरे वा."
टोमॅटो वीस. तेल तेच, नेहमीचं.
"आणि कोथिंबीर?"
वरून दिली. भरपूर दिली.

ती बाहेर आली, गळ्यात झोळी अडकवलेली,
डाव्या हाताने गड्डी उचलून
तिने देठांचा वास घेतला,
मग वही सरळ करून माझ्यापुढे सरकवली,
सोबत पेन.
लिहा, म्हणाली, मला जमत नाही अजून.
लिंबं, चाळीस.
टोमॅटो पाव किलोच आणलेत ना? पंधरा.
कोथिंबीर,
ती किंचित थांबली,
दहा.