आजचा सुविचार

अशोक चौकातून आत वळलं की मागांचा खडखडाट,
त्यात एक वाचनालय, त्याच्या दारात फळा,
आणि फळ्यापाशी रोज सकाळी साडेसातला मी.

पहिली तीन वर्षं माझीच वाक्यं, खाली माझंच नाव :
‘शहाणा चूक करतो. मूर्ख तिची शाखा उघडतो.
— रा. य. येमुल’
लोक फळ्याला सायकली टेकवून आत पेपर वाचायला जायचे.
एकदा कुणाच्या तरी हँडलनं ‘शाखा’ पुसून नेली.
कुणालाच काही कमी वाटलं नाही.

मग एका मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर,
उन्हानं म्हणा की रागानं,
नावाच्या जागी लिहिलं : एक ग्रीक विचारवंत.

व्यंकटेश गड्डम, गिरणीतले जुने जॉबर,
सायकलवरून चक्क उतरले.
चष्मा पुसला, डायरी काढली.
‘काय डोकी होती हो त्या लोकांची!’
मलाच म्हणाले.

तेव्हापासून मी रोज कुणीतरी असतो.
सोमवारी जर्मन, मंगळवारी चिनी,
गड्ड्याच्या जत्रेत सलग पंधरा दिवस फ्रेंच.

वाक्यं संपली तेव्हा अम्माजवळ जाऊन बसलो.
सूप मांडीवर, तेंदूची पानं, तंबाखूचा वास,
रोजच्या हजार विड्या, चाळीस वर्षं.
विडीचं तोंड दुमडता दुमडता ती तेलुगूत बोलते,
कुणाशी असं नाही :
‘माणसाचंही असं दुमडता आलं असतं
तर गल्ली सुखी झाली असती.’
आणि एकदा, पान कापता कापता :
‘मूर्खाला वाट विचारू नये,
तो सोबत यायला निघतो.’
मी ते मराठीत आणलं,
आणि मराठीतून परस्पर ग्रीसला पाठवलं.

ते फार लांब गेलं.
टॉवेलवाल्या बोल्लींनी कॅलेंडरवर छापलं.
प्रभागातल्या एका उमेदवारानं फ्लेक्सवर घेतलं,
वर हात जोडलेला स्वतःचा फोटो,
खाली बाण, आणि ‘चला, सोबत चालू या!’
रिक्षाच्या कर्ण्यावरून दिवसभर तेच :
ग्रीसमधले थोर विचारवंत म्हणून गेले आहेत...
अम्मानं कात्री थांबवली.
‘कुणाच्या घरचा रे हा?’
‘लांबचा आहे.’
‘शहाणा दिसतो,’ म्हणाली. ‘लग्न झालंय का?’

यंदा मार्चअखेरीला मी जरा चढलोच होतो.
लिहिलं :
‘ऊन मोजायला पारा आहे.
मुर्खपणा मोजायला निघालेला
आकड्यातच धरला जातो.’
खाली : एक डॅनिश तत्त्वज्ञ.
अकरा दिवस पुसलं नाही, इतकं मला आवडलं.
दोन मुख्याध्यापक वाचून गेले.
एका प्राध्यापकांनी फोटो काढला, स्वतःसकट.
गड्डमांनी उतरवून घेतलं, खाली दोनदा रेघ मारली.

बाराव्या दिवशी कुरापाटींची नात, तिसरीतली,
आजीची पानांची पिशवी कारखान्यातून घरी नेत होती.
दुसऱ्या हातात कडक भाकरीचा तुकडा.
थांबली. ओठ हलवत सगळं वाचलं,
देशापर्यंत.
‘सर, मूर्खाचा मू दीर्घ असतो.’

मागे माग चालू होते.
एकानंही ठोका चुकवला नाही.

मी रुमालाचं टोक थुंकीनं ओलं केलं, उकार पुसला.
दीर्घ काढायला गेलो तर जागा पुरेना,
पुढचं अक्षर मी अगदी खेटून बसवलेलं.
आपल्या हातचा असला की आखूडच धरला जातो.
शेपूट कशीबशी ‘खा’च्या पोटाखाली सरकवली.

ती अजून तिथंच.
‘आणि हे खाली लिहिलेत, ते वारले का?’
‘नाही,’ म्हटलं, ‘अजून नाही.’
‘मग सांगा त्यांना,’
म्हणाली, आणि भाकरी कुडुम कुडुम चावत
गल्लीत वळली.