कारणाशिवाय बेल वाजवू नये

भोसरीच्या शेडमधली तीन नंबरची भट्टी
दर दहा मिलिसेकंदांनी सांगायची:
आठशे चाळीस. आठशे चाळीस. आठशे चाळीस.
वायरलेसवर बाकीच्यांना तोंड उघडायला जागा नाही.
क्रेन ताटकळायची, पंपाचा निरोप वाटेतच हरवायचा,
आणि हिचं आपलं चालूच,
पिंपरी-पिंपरी-पिंपरी ओरडणाऱ्या टमटमवाल्यासारखं.

मी तिला उंबरठा घालून दिला.
मागे कळवलंस त्यापासून चार अंशांहून जास्त ढळलीस
तरच बोल.
तोवर कंट्रोलर शेवटचा आकडा धरून बसेल,
त्याच्या भरवशावर व्हॉल्व्ह सांभाळेल.

आधी अर्ध्या अंशाचा ठेवला होता,
तर कुणी नुसतं दार किलकिलं केलं तरी कावरीबावरी,
बोलण्याला खंड नाही.
मग चार.
चार अंशांत काही बिघडत नाही
हे कागदावर सिद्ध करायला मला अकरा दिवस लागले.
हगवणेमामांना एक वाक्य:
"गिअर भाजतोय आपण, बासुंदी नाही आटवत."

पॅनेलवर चिठ्ठी चिकटवली,
आमच्या नारायण पेठेतल्या दारावर बाबांनी लिहिलेली, शब्दशः:
कारणाशिवाय बेल वाजवू नये.

सोमवारी तासाला साडेतीन लाखांवर निरोप.
मंगळवारी एकशे बारा.
साहेबांनी पेढे मागवले.

रात्रपाळीला माल आत, दार बंद.
हगवणेमामा स्क्रीनसमोर उभे.
चाळीस मिनिटं एक शब्द नाही.
"ही शांत आहे का गेलीये,
कसं ओळखायचं, मॅडम?"

माझ्याकडे उत्तर होतं, म्हणजे समीकरण होतं.
निरोप न येणं हाही निरोपच, म्हटलं,
सगळं उंबरठ्याच्या आत आहे, असा.
"सेन्सरची बॅटरी संपली
तरी हेच सांगेल की ती."

मग बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन गेले,
आणि घावनाचा तवा तापलाय का बघतात
तसे चार थेंब दारावर शिंपडले.
चर्र.
"आहे," म्हणाले, आणि डबा उघडला.

पहाटे तीनला मी आणखी एक ओळ लिहिली:
वीस मिनिटं सांगण्यासारखं काहीच घडलं नाही
तर एकदा, नुसतं, हूं म्हण.
गोष्ट ऐकणारं पोर अंधारात म्हणतं तसं.

तीन वीसला आलं. तीन चाळीसला आलं.
चारला मामा घोरत होते.

सकाळी घरी पोचले.
दारावर पाटी, शाई उडालेली.
किल्ली पर्समध्ये होती.
बेल वाजवली.