पाणी उतरवणं

होक्काइदोच्या पार आतल्या बाजूला आमचं गाव.
रात्री निजताना इथे कुणी फार बोलत नाही.
एवढंच विचारतात: पाणी उतरवलंस का?

न्हाणीघराच्या भिंतीत एक लाल मूठ असते.
ती फिरवायची, मग घरातले सगळे नळ उघडायचे,
म्हणजे वरून हवा आत शिरते
आणि पाइपातलं पाणी गुळगुळ करत
जमिनीत उतरतं, जिथवर हिव पोचत नाही तिथवर.
नळ उघडले नाहीत, तर ते हलत नाही.
पाण्यालाही जायला मागचं दार उघडं लागतं,
बाबा म्हणायचे. एरवी मुखदुर्बळ माणूस,
पण हे मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला दरवर्षी ऐकवायचे.
आता त्यांचा पाना माझ्याकडे आहे
आणि त्यांचा फोन नंबरही.

आज पहाटे उणे अठ्ठावीस.
सात वाजायच्या आत अकरा फोन.
पाचवा हिरासाका मास्तरांचा:
"नळ मुका झालाय, तोमोए. पण फुटलेलं नाही काही,
थेंबसुद्धा नाही कुठे."
थेंब नाही,
म्हणूनच मी गाडी आधी तिकडे वळवली.

लोकांना वाटतं, पाइप फुटला की पाणी येतं.
पाइप फुटतो रात्री, गोठताना, अंधारात,
आणि बर्फच त्या चिरेत बूच होऊन बसतो.
कळतं ते वितळायला लागल्यावर.
"कढत पाणी ओतू नका," मी फोनवर ओरडले होते,
पण मास्तर तोवर किटली घेऊन भिंतीपाशी.

पोचले, तर न्हाणीघरात कारंजं.
चौतीस वर्षं भूगोल शिकवलेले मास्तर
चिरेवर तळहात दाबून उभे, दोन्ही बाह्या गळतायत.
मागे जावई तोगुची, ओकिनावाचा,
आयुष्यातला पहिला हिवाळा,
दोन हातांत दोन पातेली,
आधी कुठलं लावावं ते कळेना.

मुख्य झडप अंगणात, बर्फाखाली.
कुठे?
तिघांनी तीन जागा दाखवल्या.
मी खणत गेले. चौथ्या जागी सापडली.
(पानगळीतच तिथे काठी रोवून ठेवा,
दरवर्षी सांगते. दरवर्षी माना डोलावतात.)

पाणी थांबलं आणि घर एकदम गप्प झालं.
मग तोगुची म्हणाला, "मीच.
रात्री दोनला बाळाच्या दुधाला पाणी हवं होतं.
मूठ उलटी फिरवली. बाळ झोपलं, पाठोपाठ मीही.
आमच्या बेटावर नळ म्हणजे नळ,
त्याला कुणी निजवत नाही."
मास्तर काही बोलले नाहीत.
आत गेले, कोरडे मोजे घेऊन आले
आणि जावयापुढे धरले.

चिरलेला तुकडा कापून काढला. बोटभर लांब चीर,
कडा बाहेर वळलेल्या.
स्वयंपाकघरातला पाइप अजून ठणठणीत गोठलेला, पण शाबूत.
तो तोगुचीला दिला.
नळ उघडा ठेव. टॉवेल गुंडाळ.
नळाच्या तोंडाकडून मागे मागे जा, हळूहळू,
आणि पाणी कोमट, बाळाच्या अंघोळीचं असतं तेवढंच.
त्यानं बादलीत कोपर बुडवून बघितलं.
हे त्याला येत होतं.

वीसेक मिनिटांनी नळ खोकला,
गंज थुंकला,
मग दोऱ्याएवढी धार.
तो त्या धारेकडे बघत राहिला, मी हत्यारं आवरली.
सहा घरं उरली होती.

रात्री दहाला पुन्हा फोन.
"तोमोए-सान, तोगुची. मूठ फिरवली. पाणी उतरवलं."
"नळ उघडलेस?"
पलीकडे शांतता.
मग लाकडी जमिनीवरून पळत गेलेली पावलं,
आणि दूर कुठेतरी, फोनच्याही मागे,
गुळगुळ.