तीन पावलं डावीकडे

गेंट. उद्घाटनाला एक रात्र.
मी शिडीवर, हातात दिवा.
खाली हाडेविख, बूट काढलेले,
मोज्याला भोक.
"पन्नास लक्सच्या वर नको.
रेशीम उजेडानं मरतं."

भिंतीवर कापडव्यापाऱ्याची बायको,
चारशे वर्षं तीच मान, तीच लेसची कॉलर.
समोर बिनडोक्याच्या पुतळ्यावर
यंदाचा काळा कोट.
त्याची किंमत ऐकून माझ्या बायकोनं
कपाळाला हात लावलेला.

रुसलेल्या विहिणींसारख्या दोघी,
एकमेकींकडे बघेनात.

हाडेविखनं पुतळा सरकवला,
तीन पावलं डावीकडे,
पुन्हा एक उजवीकडे.
लांब जाऊन, डोळे बारीक करून उभी राहिली.
मग कोट काढला
आणि उलटा घातला, अस्तर बाहेर.
डिझायनरचा माणूस फोनवर ओरडत राहिला.
ती म्हणाली, "हं."

काखेपाशी हातशिलाईची टीप,
जरा वाकडी,
दोरा दुसऱ्याच काळ्याचा.
कुणाची तरी घाई. किंवा झोप.

"आता दिवा वळव, योरिस."
वळवला.
अकरा वर्षं हे चित्र मी पुसतोय,
कॉलरीच्या कडेला एक सुटलेला टाका आहे
हे तेव्हा दिसलं.
चित्रकारानं बघितला होता,
तस्साच रंगवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी माणसं वाकवाकून बघत होती,
आधी काख, मग कॉलर, मग पुन्हा काख.
फलकावर चित्रकार, डिझायनर, देणगीदार बँक.
टीप घालणारीचं नाव नाही,
लेस विणणारीचं नाही,
तीन पावलांचंही नाही.

शिडी मी तळघरात नेऊन ठेवली.