अडीच

एकलहऱ्याच्या नदीकाठच्या पंपहाउसात
तीन नंबरचा पंप ट्रिप झाला की
दगूतात्या पेखळे हातातलं काम टाकून मोजायचे:
एक, दोन, अडीच,
आणि मग तो घण.

तीनपर्यंत कधी गेलंच नाही.

लोखंडाच्या पोटात कुणी लोखंड हाणावं
तसा आवाज. सगळा पाइप
आपल्या खोगिरांवरून बोटभर उडायचा,
फ्लँजमधून बारीक फवारा,
गेजचा काटा शेवटच्या खुंटीला आदळून वाकलेला,
आणि कँटीनमध्ये
कुणी हात न लावलेल्या चहात वर्तुळं.

मी नवी होते. मला वाटलं, भूकंप.
तात्या म्हणाले, "भूकंप कसला मॅडम. उशीर."

मग खडूनं फरशीवर काढलं:
ही गोदावरी. हा पंप. ही चढण. वर टाकी.
वीज गेली, पंप थांबला.
पण पाण्याला कुठं लगेच कळतंय?
ते आपल्याच नादात अजून थोडं चढतं,
थबकतं,
मग वळतं.
"आणि आपली झडप बघा,
बिजागरीवर लोंबकळत बसलेली.
पाणी वळून अंगावर आलं
की हिला आठवतं, मिटायचं होतं.
वरातीमागून घोडं!
तोवर पाण्यानं वेग धरलेला,
ते हिला घेऊनच आपटतं."

बोलताना ते मान तिरकी करून
उजवा कान पुढे आणायचे.
डावा त्या झडपेनंच नेला होता.

नवा व्हॉल्व्ह आला फळ्यांच्या खोक्यात,
भुश्शात बसवलेला.
बिजागरी नाही. मधोमध एक चकती,
मागे स्प्रिंग, चाल जेमतेम अंगठ्याएवढी.
तात्यांनी ती दाबून बघितली, सोडली.
"पेनात असते तसली आहे की हो."
मी आकडे सांगितले, आलेख उघडला.
ते म्हणाले, "कागदावर आमचा थोरलाही
बारावी पास होता."

दोन दिवस शटडाउन.
चेन-पुलीवर इरफान, खाली तात्या,
बोल्ट आडव्यातिडव्या क्रमानं आवळत,
एका कडेला जोर नको म्हणून.
जुनी झडप फरशीवर उतानी ठेवली.
जिथं आपटायची तिथली कड
घासून आरशासारखी झालेली.
तात्यांनी त्यावरून बोट फिरवलं,
मग पुसलं पँटला.
"वजन करा आणि पावती फाडा."

चाचणी पहाटे तीन वाजून दहाला.
मी कंट्रोल रूमला फोन केला: पाडा.
पंपाचा सूर खाली आला, अजून खाली.

एक.
दोन.
अडीच.
तात्यांचे खांदे वर गेले, नेहमीसारखे.
तीन.
चार.

ते मोजतच राहिले. अकराला थांबले
आणि माझ्याकडे वळले. चेहरा पांढरा.
"उजवाही गेला का हो?"

मी काहीच बोलले नाही, बोलता येईना.
हातातला पाना रेलिंगवर वाजवला.
त्यांनी दचकून मान फिरवली,
पान्याकडे बघितलं,
मग पाइपला तळहात लावून उभे राहिले, कितीतरी वेळ.
पाइप गार होता, घामेजलेला.
त्याच्या आत, आमच्या डोक्यांच्या वर,
चढणभर पाणी उभं होतं
आणि कुणाला काही करत नव्हतं.

"म्हणजे ही थबकण्याआधीच मिटते," ते म्हणाले.
"हो."
"पाणी वळायचं ठरवतं त्याच्या आत."
"हो, तात्या."
"मग ठीक."
एवढंच. आणि ओढ्याच्या रस्त्याला
त्यांची लूना लागली, राखेनं पांढुरक्या
बाभळींच्या मधून.

त्यांना रिटायर होऊन आता दोन वर्षं झाली.
रात्रपाळीला पंप अजून पडतात.
मी एकटीच असते बहुधा,
लॉगबुकात वेळ लिहीत असते,
आणि अडीचला दात आवळते.
झडप केव्हाच मिटलेली असते.
दात सुटतात
सहा-सातला.