चुन्यात नीळ

एप्रिल. सकाळचे सव्वासहा.
रत्ना गच्चीवर चुना कालवते आहे.
रात्रभर बादलीत फसफसलेला चुना,
त्यात फेविकॉलचा अर्धा डबा, धरून राहावा म्हणून,
आणि चिमूटभर नीळ.
"नीळ कायले?" मी दरवर्षी विचारतो.
"पांढरं पांढरं दिसावं म्हणून," ती दरवर्षी सांगते.

खाली प्रतापनगर जागं होऊन राह्यलं.
गोतमारेंच्या कूलरला नव्या ताट्या,
ओल्या वाळ्याचा वास आमच्या कठड्यापर्यंत.
पेपरात कालचा आकडा: चव्वेचाळीस पूर्णांक दोन.

सप्टेंबरात आम्ही समुद्रावर होतो.
पोराने तिकिटं काढली. अकरा मजल्यांचं जहाज,
आमची खिडकी आठव्यावर, न उघडणारी.
आमच्या गावातून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र यायला एक रात्र जातेच.
आम्हाला बासष्ट वर्षं लागली.

बेटाच्या दिवशी छातीवर स्टिकर, नंबर एकोणीस.
आधी छोट्या बोटी, मग रांग,
मग कळलं, ही रांग दुसऱ्याच जहाजाची.
बंदरात त्या दिवशी पाच जहाजं,
आणि डोंगरावर चढायला एकच पाळणा.
मी म्हटलं, दिवाळीआधीचा रविवार आहे हा, बर्डीवरचा.
ती म्हणाली, "बर्डीवर ढकलणारा
निदान ओळखीचा असते."

गल्ल्या अशा, की पुढचा वळला
तर त्याची बॅग मागच्याच्या पोटात वळायची.
निळा घुमट होता. खरंच होता.
त्याच्यासमोर उभं राहायला वेगळी रांग,
आमची पाळी आली तेव्हा
कुठल्याशा नवरीचा लाल झगा वाऱ्याने आडवा आला.
माझ्या फोनमध्ये तो झगा आहे,
आणि रत्नाचा एक कान.
पाण्याची बाटली चार युरो.
"गुणाकार नका करू," ती म्हणाली.
वीज मंडळात चौतीस वर्षं.
गुणाकार आपोआप होतो.

आणि मग ती नव्हती.

तिचा फोन माझ्याच खिशात.
चाळीस मिनिटं मी पाठी पाहत फिरलो,
हजारो पाठी, उन्हाने भाजलेल्या, तेल लावलेल्या,
एकही आमची नाही.
एका दुकानदाराला हाताने दाखवलं, एवढी उंच, असा अंबाडा.
त्याने मला फ्रीजचं चुंबक दाखवलं.

तीन वळणं वर, जिथे गर्दीला काही पाहायचं नव्हतं,
एक म्हातारी बसली होती काळ्या कपड्यांत,
गुडघ्याखाली पोत्याची घडी.
पायऱ्यांच्या कडांना, फरशीच्या सांध्यांना
बारीक ब्रशने चुना ओढत होती.
शेजारी रत्ना, ओढणी कमरेला,
हातात दुसरा ब्रश.
दोघी बोलत होत्या. आपापलं.
मला पाहून म्हणाली,
"हे लोक नीळ नाही घालत. मी सांगून राह्यली तिले."

शेवटची बोट साडेचारची.
मी ओरडलो. त्या गल्लीत फार घुमलं ते.
म्हातारीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
रत्नाचा हात उलटा करून तिची नखं पाहिली,
मग आपली दाखवली.

बोटीवर आम्ही बोललो नाही.
जेवणाला सात पदार्थ होते, मी चार मोजले.
तिच्या कुर्त्याच्या बाहीवर पांढरा ठिपका होता,
तो अजून आहे, ती धुते पण घासत नाही.

आता गच्ची झाली.
दरवर्षी इथे थांबायचं असतं.
यंदा ती जिन्यात उतरली,
बारीक ब्रश घेऊन, पायरीच्या कडेला
हळूहळू एक रेघ.
गोतमारे वहिनींनी पलीकडून विचारलं,
"कायची पूजा आहे का वो?"
"नाही जी. असंच."

मी खाली गेलो.
तांदळाचं रिकामं पोतं, चार घड्या,
वर आणून तिच्या गुडघ्याशी ठेवलं.
तिने ते ओढून घेतलं,
बसली नीट,
आणि वर न पाहता म्हणाली,
"सरका. उजेड अडवून राह्यले."