पान सात, खालचा कोपरा

रात्री साडेदहाला एजन्सीची बातमी आली:
जपानमधल्या टोळ्यांची माणसं म्हातारी झालीत,
नवी पोरं यायला तयार नाहीत.
दोनशे शब्द. मला ऐंशीच हवे होते.
बॅकस्पेसवर करंगळी ठेवून
मी म्हातारपण काढून टाकलं.
ठेवलं पाठभर गोंदण, ठेवलं कापलेलं बोट,
मथळा दिला: करंगळीचं कर्ज.
जपानबद्दल आम्ही बिनधास्त छापतो.
तोक्योहून सांगलीत कोण येतंय जाब विचारायला!

सकाळी मार्केट यार्डाच्या फाटकाशी
अण्णाप्पाच्या सलूनमध्ये पेपर फुटला,
म्हणजे चौघांत पानं वाटली गेली.
सातवं ज्याच्या वाट्याला आलं तो मोठ्यानं वाचू लागला.
‘आयला, चुकलं की स्वतःच बोट कापून देत्यात!’
‘शब्दाला जागणारी माणसं, दुसरं काय.’
‘आन् टोळीचं हापिस असतंय म्हणं. दारावर पाटी. छापील कार्ड.’
सगळे हसले. पाटी लावून गुंडगिरी!
समोर, हळदीच्या अडतीवरच्या मजल्यावर,
दादांचं जनसंपर्क कार्यालय परवाच उघडलं होतं.
पाटीवरचा झेंडू अजून सुकला नव्हता.
तिकडं कोणी बघितलं नाही.
साबण जाईल म्हणून मीही डोळे मिटून होतो.

तेवढ्यात बाबालाल तांबोळी आला दाढीला.
त्याची उजवी करंगळी दोन पेरं कमी आहे.
‘या, या, याकुझा!’
तो आधी दचकला, मग हसला.
त्याला बसायला खुर्ची दिली कोणीतरी, चहा सांगितला,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
ती करंगळी पॉलिशच्या ड्रमच्या पट्ट्यात गेली होती
अठ्ठ्याण्णव साली, सीझनच्या घाईत.
ढिगात शोधली म्हणतात.
पिवळ्यात पिवळं, कसं सापडणार.
त्याची बातमी आली नव्हती.
तेव्हाही टेबलावर मीच होतो.
आता आठवडा झाला, बाबालाल तो हात खिशात घालत नाही.
कोणी विचारलं तर सांगतो,
शब्द दिला होता.

एकदा तिकडं भूकंप झाला
तेव्हा टोळीवाल्यांनी ट्रक भरून तांदूळ, पाणी वाटलं म्हणे.
तेही मी छापलं होतं, चौकट करून,
शेवटी एक उद्गारचिन्ह टाकून.
आणि पुराच्या चौथ्या दिवशी
आमच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला
नाव येऊन लागली.
बाटलीवर दादांचा हात जोडलेला फोटो.
मी प्यायलो.
गोड होतं पाणी, खोटं कशाला सांगू.
लेबल भिजून हातात आलं
ते फेकवलं नाही. अजून पाकिटात आहे,
रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी.

सन्मती उगारे नवा आहे, मिरजेहून मोटारसायकलवर येतो.
काल त्यानं बातमी आणली:
हमालांकडून पोत्यामागं दोन रुपये,
कोण घेतं, कुठल्या वारी, नावांसकट.
पावतीसुद्धा होती. छापील, शिक्का मारलेली.
‘सर, बघा की, हितं पण पाटी आहे.’
मी म्हणालो, जागा नाही.
खोटं नव्हतं. पान तीन अख्खं वाढदिवसाचं होतं,
शुभेच्छुक एकशे चौदा,
चष्मा लावून मोजलेत मी,
एकाचं आडनाव चुकलं असतं तर माझी धडगत नव्हती.

सन्मतीनं कागदाची घडी केली,
मग पुन्हा उलगडली.
‘मग सर, हे जपानमध्ये घडलं असं लिहू?’

पंखा फिरत होता. खाली छपाईवाले हाका मारत होते.
मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं, किंवा हसायला.
मी कागद जवळ ओढला
आणि ऐंशी शब्दांत बसेल का, ते मोजू लागलो.
करंगळी होती तिथंच होती.